अस्थिविसर्जनाची रजा

मित्राच्या आठवणीसाठी सरकार रजा देत नाही, हे मला आमच्या साहेबांनी लेखी कळवलं. मी अर्जात सगळं स्वच्छ लिहिलं होतं. माझे परममित्र तिप्पण्णा हे मागच्या भाद्रपदात वारले. आम्ही दोघांनी फटफटीवरून कन्याकुमारीला जायचं असं नऊ वर्षांपूर्वी ठरवलं होतं. तो बेत त्यांच्या पश्चात त्यांच्याच फटफटीवरून पार पाडण्याचा माझा मानस आहे. तरी पंधरा दिवसांची हक्काची रजा मिळावी ही विनंती. अर्ज तिसऱ्या दिवशी परत आला. कोपऱ्यात लाल शाईनं शेरा होता : 'स्मरण मुख्यालयात राहूनही करता येते. नामंजूर.'

खात्याचं नाव मी सांगत नाही, कारण तिथल्या पेन्शनवर मला अजून बरीच वर्षं जगायचं आहे. आणीबाणी लागून सहा-सात महिने झाले होते. जे लोक साडेअकराला येऊन टेबलावर डबा ठेवत आणि चहाला जात, ते आता सव्वादहालाच फाटकापाशी एकमेकांना नमस्कार करत उभे असत. रजा मागणारा माणूस देशाच्या प्रगतीच्या आड येतोय असं सगळ्यांचं मत झालं होतं. त्यात मी तर सहलीला निघालेला. शेरा वाचून मला इतका अपमान वाटला की मी दुपारचा चहा घेतला नाही. ते कुणाच्या लक्षात आलं नाही ही गोष्ट वेगळी.

आमचे मोठे कारकून हिंदुराव मात्र जवळ आले. या माणसाच्या अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत एकही अर्ज नामंजूर झालेला नव्हता.

"सिद्धनाथराव," ते म्हणाले, "तुमी अर्जात मन मोकळं करताय. अर्ज त्येच्यासाटी नसतोय की."

"मग काय लिहू?"

"अस्थिविसर्जन लिवा. मित्राच्या अस्थी घिऊन कन्याकुमारीला चाललोय म्हणा. साहेब लई देवभोळा हाय. नाही म्हणायची छाती व्हायची न्हाय त्येची."

"अहो हिंदुराव, तिप्पण्णा लिंगायत. त्यांच्यात जाळत नाहीत, पुरतात. मी होतो ना तिथं!"

"ते मला म्हाईत हाय, तुमाला म्हाईत हाय, आक्क्या सोलापूरला म्हाईत हाय. साहेबाला कुटं म्हाईत हाय? साहेब पार विदर्भातल्या चांद्याचा."

मी खरंच होतो तिथं. तिप्पण्णाला खुर्चीत बसवून नेलं होतं, आणि खड्ड्यातही मांडी घालून बसवलं. डाव्या हातात त्याच्या गळ्यातलं इष्टलिंग दिलं, कपाळाला भस्म, आणि मग सगळ्यांनी विभूती, बेलाची पानं आणि माती टाकली. माझीही एक मूठ त्यात होती. कावीळ होऊन अकरा दिवसांत माणूस गेला, पण बसला होता असा की आता उठेल आणि म्हणेल, 'चल सिद्ध्या, पेट्रोल भरून येऊ.' त्याची आई सुंदरम्मा, साठीच्या पुढची बाई, खड्ड्याच्या कडेला उभी होती. सगळं झाल्यावर ती मला म्हणाली, "नीट बसलाय न्हवं रे? पोराला कुटं कळ लागायला नको." ती बाई त्या एका गोष्टीवर जगत होती. आपला मुलगा आख्खा, न मोडता, न जळता, हातात देव घेऊन जमिनीत बसलाय.

हे सगळं माहीत असून मी अर्ज लिहिला. दुसरा अर्ज फक्त दोन ओळींचा होता आणि तासाभरात मंजूर झाला.

इथंच थांबलं असतं तरी बरं होतं. पण साहेब स्वतः माझ्या टेबलापाशी आले. त्यांचे डोळे पाणावलेले होते. "मित्राच्या अस्थी घेऊन जाणारा माणूस आजकाल कुठे भेटतो?" असं म्हणून त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि निघायच्या दिवशी अस्थिकलश ऑफिसात आणण्याचा हुकूम केला. सगळा स्टाफ दर्शन घेणार होता. वर रजेच्या आदेशात एक अट टाकली : 'परत रुजू होताना विसर्जनाचा पुरोहिताचा दाखला सादर करावा. अन्यथा शिस्तभंगाची कारवाई करण्यात येईल.' देवभोळा माणूसही शेवटी साहेबच असतो.

आता खरं म्हणजे मला फटफटी चालवता येत नव्हती. नऊ वर्षं मी तिप्पण्णाच्या मागं बसलो, आणि मागं बसणाऱ्याला फक्त चालवणाऱ्याच्या मानेवरचे केस माहीत असतात. शिकवायला शेजारचे आप्पा पुढं आले. बावीस वर्षं एसटी चालवून रिटायर झालेले. दोन चाकांच्या गाडीवर ते आयुष्यात बसले नव्हते, पण त्यांच्या मते ते शिक्षकाला आवश्यक नव्हतं. मैदानाच्या मधोमध घडीची खुर्ची टाकून ते बसत आणि ओरडत, "डावीकडं घ्या! मागचं चाक खड्ड्यातनं काढा! वळताना मागल्या पाशिंजराकडं बघा की!" मी मागं बघितलं आणि चाऱ्याच्या गाडीत शिरलो. पुढं परवान्याच्या परीक्षेत तिथल्या साहेबांनी एक फेरी मारून थांबायला सांगितलं. मला थांबवता येईना, म्हणून मी सहा फेऱ्या मारल्या. सहाव्या फेरीला ते पास म्हणाले आणि जेवायला निघून गेले.

गाडी तिप्पण्णाच्या नावावर होती. ती नावावर करून घ्यायला गेलो, तर तिथल्या कारकुनानं फॉर्म पुढं केला. "मालकाची सही आणा."

"मालक वारले."

"मग वारल्याचा दाखला आणा, आणि हितं मालकाची सही."

तो थट्टा करत नव्हता. शेवटी गाडी मेलेल्या माणसाच्याच नावावर ठेवून निघायचं मी ठरवलं. नाहीतरी मी तीच तर भावना अर्जात लिहिली होती.

राहिली किल्ली. ती सुंदरम्माकडं होती. फटफटी पडवीत उभी असायची आणि ती रोज सकाळी ओल्या फडक्यानं पुसायची, देव पुसावेत तशी. मी सगळा बेत सांगितला. अस्थींचा भाग अर्थातच सांगितला नाही.

"तू जानार?" तिनं विचारलं.

"हो अव्वा."

"एकटा?"

"हो."

ती हसली नाही, पण तिला हसू आलं होतं हे मला दिसलं. त्याला कारण होतं. नऊ वर्षांत ही सफर सात वेळा ठरली आणि सातही वेळा माझ्यामुळं मोडली. एकदा खात्याची परीक्षा, एकदा धाकटीचा जन्म, एकदा बहात्तरचा दुष्काळ. दुष्काळाच्या कामावर मला नेमलेलं नव्हतं, पण मला वाटलं बरं दिसणार नाही. एकदा सराव म्हणून पुण्याला जायला निघालो, तेव्हा मोडनिंबला माझी पाठ धरली. मी तिथून एसटीनं घरी आलो आणि तिप्पण्णा रिकामी फटफटी घेऊन माझ्या एसटीच्या मागोमाग सोलापूरपर्यंत आला. मला काही झालं तर असावं म्हणून. कुठल्याही स्टँडवर एसटी थांबली की खिडकीपाशी येऊन विचारायचा, "पाठ कशी हाय?"

"मी बी येनार," सुंदरम्मा म्हणाली.

"अव्वा, दीड-दोनशे मैल नाही, आठशे मैल आहेत!"

"आसूंदेत. एकटा गेलास तर तू परत येतोस. माज्यासंगट परत यायला लाज वाटंल तुला."

तिनं किल्ली कमरेच्या पिशवीत टाकली, म्हणजे विषय संपला. शेजारच्या केराबाई भिंतीपलीकडून सगळं ऐकत होत्या. त्यांनी लगेच सल्ला दिला की म्हातारीला दोरीनं माझ्या कमरेला बांधावं. त्यांच्या भावाची सासू अशीच मंगळवेढ्याच्या रस्त्यावर पडली होती आणि नवऱ्याला पुढं तीन मैल गेल्यावर कळलं.

अस्थींचा प्रश्न माझ्या बायकोनं, मुक्तानं सोडवला. नवऱ्याचं खोटं निभावून नेण्याची तिला फार सवय. अंघोळीच्या बंबाखालची राख तिनं एका सुपात काढली. "चाळून देऊ का?" तिनं विचारलं. मी म्हणालो, नको, अगदी बारीक दिसली तर साहेबांना संशय येईल. मग तिनं त्यात न जळालेले दोन-चार कोळसे ठेवले, तांब्याच्या कलशात सगळं भरलं आणि तोंडाला लाल फडकं बांधलं. पाटावर तो कलश ठेवलेला बघून मला कसंतरी झालं. आत बाभळीचं लाकूड आहे हे मला माहीत होतं. तरी मी त्याच्याकडं पाय करून झोपलो नाही.

निघायच्या दिवशी सकाळी ऑफिसच्या आवारात टेबलावर पांढरं कापड, त्यावर कलश, उदबत्त्या. साहेब अनवाणी आले. झेंडूचा हार घातला आणि दोन मिनिटं डोळे मिटून उभे राहिले. सगळा स्टाफ ओळीनं आला. टंकलेखन विभागातल्या दोघी जणी रडल्या. हिंदुराव सगळ्यांत शेवटी आले, अगदी खाली वाकले आणि माझ्या कानाशी पुटपुटले, "चांगली जमलीया." त्यांनी ते इतक्या गंभीर चेहऱ्यानं म्हटलं की साहेबांनी त्यांनाही खांद्यावर हात ठेवून धीर दिला. मी मान खाली घालून उभा होतो. लोकांना वाटलं, दुःखानं. मला खरोखरच शरम वाटत होती, पण शरमेचं आणि दुःखाचं तोंड बाहेरून सारखंच दिसतं.

हार कोपऱ्यावरच्या गाईला घातला, कलश कपड्याच्या पिशवीत खाली घातला आणि सुंदरम्माला घ्यायला गेलो. ती इरकली लुगडं नेसून, सीटवर घोंगडं टाकून तयार होती. गठुळ्यात कडक भाकऱ्या, शेंगाची चटणी, आणि तिप्पण्णाचा एक धुतलेला शर्ट. शर्ट कशाला, हे मी विचारलं नाही. आप्पांनी शेवटचा सल्ला दिला, "विजापूर स्टँडापातूर मला ठावं हाय. फुडं कर्नाटकवाले बगून घेतील." आणि आम्ही निघालो. मी, माझ्या मागं माझ्या मेलेल्या मित्राची आई, आणि पिशवीत आमच्या बंबाची राख.

भीमेच्या पुलापर्यंत सगळं ठीक झालं. तिथपर्यंत मी फक्त दोनदा पडलो आणि दोन्ही वेळा थांबताना. सुंदरम्मा आधीच उतरून उभी राहायची, म्हणायची, "हं, आता पड." पुलापलीकडं नाका होता. आडवा बांबू, शेजारी छपरी, छपरीत जमादार. कपाळावर भस्माचे तीन ठसठशीत पट्टे. त्यानं गाडीची कागदं मागितली.

"मालक तिप्पण्णा? तुमी?"

"नाही. मी सिद्धनाथ. मालक वारले."

"मेल्याल्या मानसाची गाडी, तुमी घिऊन कुटं चाललाय?"

त्याचं बरोबर होतं. त्या दिवसांत पोलिसाला संशय यायला एवढं पुष्कळ होतं. तो फटफटीभोवती एक फेरी मारून आला आणि शांतपणे म्हणाला, "गाडी हितं ऱ्हाईल. तुमी बी." मी घाबरलो. मध्यमवर्गीय माणूस घाबरला की खिशातून शिक्का असलेला कागद काढतो. मी रजेचा आदेश काढून त्याच्या हातात दिला. गोल शिक्का, साहेबांची सही, सगळं होतं.

तो एकेक अक्षर लावून मोठ्यानं वाचू लागला. "मयत मित्र... तिप्पण्णा... यांच्या... अस्थि... विसर्जनासाठी..." तो थांबला. पिशवी उघडायला लावली. कलश बाहेर आला. त्यानं कलशाकडं पाहिलं, सुंदरम्माच्या कपाळावरच्या भस्माकडं पाहिलं, आणि मग तिला कानडीत विचारलं. माझं कानडी कच्चं आहे, पण तेवढं मला समजलं. "अव्वा, तुमच्या लेकाला तुमी जाळलं?"

सुंदरम्मा माझ्याकडं बघत राहिली. मी बोलायला हवं होतं. तिथंच म्हणायला हवं होतं की ही बंबाची राख आहे, मी खोटा आहे, मला आत टाका. माझ्या डोळ्यांपुढं शिस्तभंगाची कारवाई आली, घरची चार माणसं आली, आणि मी जमिनीकडं बघितलं.

"हौदु," सुंदरम्मा म्हणाली. "सुट्टेवि." होय. जाळलं.

"याक?" जमादारानं विचारलं. का?

"त्याच्या मनात तसं होतं," ती म्हणाली.

जमादारानं कागद माझ्या हातात दिला नाही, टेबलावर टाकला. बांबू वर करायला सांगितलं. आम्ही निघालो तसा तो तिला ऐकू जाईल असं मराठीत म्हणाला, "असली बी आई आसती व्हय!" तिनं ते ऐकून घेतलं.

अर्ध्या मैलावर तिनं मला पाठीत ठोसा मारून थांबवलं. या वेळी मी पडलोसुद्धा नाही. रस्त्याच्या कडेला बाभळीखाली मी सगळं सांगितलं. पहिला अर्ज, शेरा, हिंदुराव, चांद्याचे साहेब, बंब. सांगताना माझ्याच कानांना ते विनोदी वाटत होतं आणि त्यामुळं जास्तच वाईट वाटत होतं. तिनं फडकं सोडलं, चिमूटभर राख घेतली, बोटांत चोळली.

"बंबाची?"

"हो अव्वा."

"माज्या तोंडानं बोलले मी," ती म्हणाली. "तो तितं बसलाय, आन् मी हितं बोलले, जाळला म्हनून."

मी म्हणालो, परत जाऊ. ती म्हणाली, "फुडं." तो तिचा शेवटचा शब्द. त्यानंतर ती माझ्याशी बोलायची बंद झाली.

बंद म्हणजे पूर्ण बंद. बाकी जगाशी ती बोलत होती. होस्पेटला पंक्चर काढणाऱ्याशी तिनं तासभर गप्पा मारल्या; त्याच्या बायकोचं नाव, मुलांची दुखणी, सगळं तिला कळलं. चित्रदुर्गाच्या अलीकडं साखळी तुटली तेव्हा बैलगाडीवाल्याला तिनंच थांबवलं, फटफटी गाडीत चढवली, स्वतः त्याच्या शेजारी बसली आणि मी मागून चालत आलो. भाकरी माझ्या हातात द्यायची, पण तोंड दुसरीकडं करून. मदुरेच्या लॉजमध्ये व्यवस्थापकानं मोडक्या कानडीत विचारलं, आई मुलावर रागावलीय का? तिनं त्याला काहीतरी लांबलचक सांगितलं. ते ऐकून त्यानं मला खोली न देता व्हरांड्यातली खाट दिली, आणि सकाळी चहा दिला तोही कप आपटून.

मला वाटलं होतं, या रस्त्यावर मला तिप्पण्णा भेटेल. त्याचं हसणं आठवेल, डोळे भरून येतील. तसलं काही झालं नाही. माझं सगळं लक्ष खड्ड्यांकडं होतं. एवढा मोठा मित्र, आणि दिवसातून जेमतेम दोनदा आठवायचा, तेही गाडी बिघडली की. फक्त तुंगभद्रेच्या पुढं एक सरळ, मोकळा रस्ता लागला आणि तिथं जे आठवलं ते मी विसरायला बघत होतो. दवाखान्यातला तिप्पण्णा. डोळे हळदीसारखे झालेले. त्यानं विचारलं होतं, "सिद्ध्या, दिवाळीनंतर जाऊ. रजेचा अर्ज टाकलास का?" मी म्हणालो होतो, "टाकला की." तो खूष झाला. उशाला हात लावून म्हणाला, "मग मी बरा हुतोच." तीन दिवसांनी गेला.

मी अर्ज टाकलेला नव्हता. टाकायचं मनातही नव्हतं. फटफटीवरचा प्रवास मला कधीच आवडला नव्हता.

फटफटीवर एक सोय आहे. बोलणाऱ्याला ऐकणाऱ्याचं तोंड दिसत नाही. मी वाऱ्यात मोठ्यानं ओरडून सांगितलं, "अव्वा, मी त्याला खोटं सांगितलं! दवाखान्यात! अर्ज टाकलाच नव्हता मी! कधीच टाकला नव्हता!" तिनं ऐकलं की वारा घेऊन गेला, मला कळलं नाही. मी रडत होतो, आणि रडताना फटफटी चालवू नये हे आप्पांनी शिकवलं नव्हतं, त्यामुळं आम्ही कडेच्या कालव्यात जाता जाता राहिलो. ती खाली उतरली, घोंगडं नीट केलं आणि पुन्हा बसली.

कन्याकुमारीला पोचलो तो सहावा दिवस. सकाळ होती. समुद्र समोर होता आणि मी चाळिशीला आल्यावर पहिल्यांदा बघत होतो. पण माझ्या डोक्यात दाखला होता. दाखल्याशिवाय परत गेलो तर नोकरी जाणार. मी सुंदरम्माला म्हणालो, "तुम्ही बसा, मी चहा बघतो," आणि पिशवी घेऊन सटकलो. पायऱ्यांपाशी एक किडकिडीत पुरोहित बसला होता. समोर वही, शेजारी दर्भ. त्याला सगळ्या भाषांतले नेमके तेवढे शब्द येत होते. नाव काय, कुठून आलात, नातं काय, केव्हा वारले. मी कलश पुढं ठेवला आणि दाखल्याचं विचारलं. मिळेल म्हणाला. त्यानं वही उघडली.

"मयताचं नाव?"

मी तोंड उघडलं. तिप्पण्णा, एवढं म्हणायचं होतं. ज्याला मी माझ्या हातानं माती दिली, त्याचं नाव त्या राखेला द्यायचं होतं, लेखी. आणि तेवढ्यात मागून आवाज आला.

"सिद्धनाथ."

सुंदरम्मा माझ्या मागं उभी होती. पाच दिवसांत ती पहिल्यांदा माझ्याबाबत काही बोलली होती. पुरोहितानं लिहून घेतलं. वय विचारलं, तिनं माझं वय बरोबर सांगितलं. गाव सोलापूर. आपलं नाव मयताच्या रकान्यात चढताना बघणं फार कमी लोकांच्या नशिबी येतं, आणि मला तर हरकतही घेता येत नव्हती. तो दाखला अजून माझ्याकडं आहे. तो ऑफिसात अर्थातच देता आला नाही. त्यावरून खात्यानं माझं काय केलं ती वेगळी हकिकत आहे, आणि तिच्यात हिंदुरावांचं नाव कुठंच नाही.

पुरोहितानं माझ्याकडं बोट केलं. "हे कोण? मयताचे बंधू?"

"न्हाई," ती म्हणाली. "ह्यो गाडी चालवतो."

मला लागलं ते. पण खोटं नव्हतं. सहा दिवस मी तेवढंच केलं होतं.

"आणि मयत तुमचा कोण?"

या वेळी ती समुद्राकडं बघत राहिली. मग तिचा चेहरा वेडावाकडा झाला. मातीच्या दिवशी ती रडली नव्हती, घरी मी जायचो तेव्हाही कधी रडली नव्हती, नाक्यावर रडली नव्हती. ती तिथं पायरीवर बसली आणि मोठ्यानं रडली. पुरोहित लेखणी धरून थांबला. त्याला सवय असावी. बऱ्याच वेळानं तिनं लुगड्यानं तोंड पुसलं.

"नन्न मगा," ती म्हणाली. माझा मुलगा.

पुरोहितानं तेही लिहिलं. मंत्र म्हटले. माझ्या हातात कलश दिला आणि सांगितलं, कमरेइतक्या पाण्यात जा, कलश उपडा कर आणि मागं न बघता ये. मी कपड्यांसकट उतरलो. पाणी गार होतं आणि लाटा मला वाटल्या होत्या त्यापेक्षा मोठ्या होत्या. पाणी गुडघ्याला आलं, मांड्यांना आलं. मी पुढं जात राहिलो. कुठं थांबायचं ते माझ्या लक्षात येईना, आणि खरं सांगायचं तर थांबावंसंही वाटेना. कमरेच्या वर पाणी आलं तेव्हा मागून ती ओरडली.

"सिद्धनाथ! लई आत जाऊ नको की रे!"

मी होतो तिथं थांबलो आणि कलश उपडा केला.